मुलगी दहावीत आहे. बीजगणित छान येतं, पण भूमिती म्हटलं की 'मला जमणारच नाही' म्हणते. तिचा आत्मविश्वास कसा वाढवू?

आधी 'तू हुशार आहेस, जमेल तुला' हे म्हणणं बंद करा. पुढचं उदाहरण अडलं की तिला वाटणार, हुशार असते तर सुचलं नसतं का!

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. वर्गसमीकरण समोर आलं की हात आपोआप चालतो, कारण रीत ठरलेली असते. भूमितीत मात्र आकृतीकडे नुसतं बघत बसावं लागतं आणि ते बसणं म्हणजेच आपल्याला येत नाही, अशी मुलांची समजूत होते. त्यात पुस्तकातली सिद्धता येते ती पक्ष, साध्य, रचना अशी इस्त्री करून. ती रचना कशी सुचली, हे सहसा कोणी सांगत नाही. मग मुलं प्रमेय पाठ करतात आणि आकृतीतली अक्षरं बदलली की गडबडतात.

स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घ्या: वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूपासून काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड (त्या बिंदूपासून रेषा वर्तुळाला जिथे टेकते तिथपर्यंतचे तुकडे) एकरूप असतात. पुस्तक मिटून तिला ऐसपैस आकृती काढू द्या. 'सिद्ध कर' म्हणू नका, 'काय काय माहीत आहे ते आकृतीवर दाखव' म्हणा. स्पर्शबिंदूंपर्यंत त्रिज्या काढल्या की तिथे काटकोन मिळतात. त्रिज्या तर सारख्याच. आता केंद्र बाहेरच्या बिंदूला जोडलं की दोन काटकोन त्रिकोण तयार, कर्ण सामाईक. इथवर आलेली बरीच मुलं 'अरे, कर्णभुजा कसोटी!' असं स्वतःच ओरडतात. (कर्ण आणि एक भुजा सारखी असली की काटकोन त्रिकोण एकरूप, म्हणून स्पर्शिकाखंडही एकरूप.) तुम्ही त्याआधी बोलायचं नाही. हेच सगळ्यात अवघड, विशेषतः आईवडिलांना.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा विश्वास कौतुकापेक्षा स्वतः काम तडीस नेल्याने जास्त पक्का होतो. म्हणून दिवसाला दहा प्रश्नांऐवजी एकच द्या, पण तो तिचा तिला सुटू दे.

एक मात्र तपासा. तिला विचारा, 'चौरस हा समभुज चौकोन असतो का?' 'नाही' म्हणाली, किंवा 'हो' म्हणून कारण देता आलं नाही, तर प्रश्न आत्मविश्वासाचा नाही, पाया कच्चा आहे. व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्येच दाखवलं होतं की आकार नुसते ओळखणं, त्यांचे गुणधर्म जाणणं आणि सिद्धता देणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही. अशा वेळी नववीच्या पुस्तकातलं 'चौकोन' प्रकरण काढून बसा, त्यात कमीपणा नाही. घड्याळ लावून ४० गुणांचा पेपर दिवाळीनंतरही सोडवता येईल.