प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग सक्तीचं असावं का? आणि हेक्टरी किती घरं हे कसं ठरवतात?

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण नियमावली घेऊन बसलात की कळतं एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे. कागदावर घनता, म्हणजे किती जागेत किती घरं, ही एफएसआयने (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) नाहीतर हेक्टरी घरांच्या आकड्याने ठरते, प्रत्यक्षात बऱ्याचदा पार्किंगचा नियमच ती ठरवून टाकतो.

हिशोबच करून बघा ना. प्लॉट 1000 चौरस मीटर, एफएसआय 2, म्हणजे बांधकाम 2000. जिने, लिफ्ट सध्या सोडून द्या. 50 चौरस मीटरचे 40 फ्लॅट झाले. गाडी नुसती उभी करायला 12-13 चौरस मीटर पुरतात, पण आत यायचा रस्ता, वळायची जागा, रॅम्प धरला की एका गाडीमागे 25 ते 30 जातात. 30 धरले तर 40 गाड्यांना 1200, म्हणजे अख्ख्या प्लॉटपेक्षा जास्त! मग खणा बेसमेंट किंवा चढवा पोडियम (घरांच्या खाली पार्किंगचे मजले), आणि तो खर्च घराच्या किमतीत जातो, ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याही. बिल्डरला सोपा मार्ग दिसतो, 100 चौरस मीटरचे 20 फ्लॅट काढायचे, पार्किंग आपोआप निम्मं. एफएसआय तोच राहिला आणि घरं मात्र अर्धी झाली, आणि गेली ती नेमकी छोटी घरं. आराखड्यात हे कुणी ठरवलेलं नसतं बरं का.

बरं, 'फ्लॅटमागे एक' हा आकडा येतो कुठून? अमेरिकेत कोलंबस शहराने 1923 मध्ये अपार्टमेंटसाठी अशी सक्ती आणली आणि पुढे शहरं एकमेकांचे आकडे उचलत गेली. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर यावरच टीका केली. लंडनने 2004 मध्ये किमान पार्किंगची सक्ती काढून कमाल मर्यादा लावली, तर नव्या इमारतींमधलं पार्किंग साधारण 40 टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे ही घट जवळपास सगळी किमान काढल्यामुळे होती, कमाल लावल्यामुळे नाही. न्यूझीलंडने 2020 मध्ये शहरांना किमान काढायलाच सांगितलं, अपंगांसाठीचं पार्किंग तेवढं सोडून.

पण नुसती सक्ती काढली आणि रस्त्यावर फुकट गाडी लावता येतेय तर सगळ्या गाड्या तिथेच येणार, शेजारचे लोक बोंब मारणार आणि नगरसेवक पुन्हा जुना नियम आणणार. जपानने हे उलट्या बाजूने सोडवलंय, तिथे बहुतेक भागात गाडी घेताना घरापासून 2 किलोमीटरच्या आत जागा आहे हे दाखवावं लागतं, म्हणजे जबाबदारी बिल्डरवर नाही, गाडीवाल्यावर.

त्यामुळे माझं मत विचाराल तर सरसकट सक्ती नको. घनता पाणी, ड्रेनेज, शाळा आणि बस-रेल्वे किती माणसं पेलेल त्यावरून ठरवा (आणि हेक्टर म्हणताना रस्ते, बागा धरल्यात की नाही ते आधी बघा, निम्मी भांडणं तिथेच असतात). स्टेशनजवळ किमान शून्य, पार्किंग फ्लॅटपासून वेगळं विकायचं, आणि हे सगळं करायच्या आधी रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचे. स्टेशनपासून लांब थोडीफार सक्ती ठेवायचीच असेल तर फ्लॅटच्या संख्येवर नको, बांधलेल्या क्षेत्रफळावर ठेवा, म्हणजे छोटी घरं बांधणाऱ्याला दंड बसल्यासारखं तरी होत नाही.