मोठ्या टाकीतला गाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी माशांची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. दोन ऑस्कर आणि इतर काही मोठे सिक्लिड जातीचे मासे आहेत. ताशी १५०० लिटरचे दोन कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) चोवीस तास चालू असतात, तरी पाण्यात कण तरंगतात आणि मागच्या कोपऱ्यात गाळ साचतो. तिसरा फिल्टर घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. आहेत ते दोन प्रत्यक्षात किती पाणी फिरवतात, ते आधी मोजा. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि बायो मीडिया (उपयोगी जिवाणू ज्यांच्यावर वाढतात ते सच्छिद्र तुकडे) भरला की प्रवाह बराच घटतो आणि स्पंज तुंबत गेला की आणखी घटतो. परतीची नळी (गाळलेलं पाणी टाकीत सोडणारी) १० लिटरच्या बादलीत सोडा आणि सेकंद मोजा. बादली मात्र टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर धरा. जमिनीवर ठेवलीत तर सायफनमुळे प्रवाह आहे त्याहून जास्त दिसेल. बादली २४ सेकंदांत भरली तर ताशी १५०० लिटर, ४० सेकंद लागले तर ९००. तुमच्या टाकीत काठोकाठ ६८० लिटर पाणी मावतं; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून ६०० धरा. अशा खादाड माशांसाठी हे पाणी तासाला निदान पाच वेळा फिल्टरमधून जावं, म्हणजे दोन्ही मिळून ३००० लिटर हवेत.

आकडा कमी भरला तर फिल्टर उघडून आतली रचना पाहा. पाणी सर्वांत आधी जाड स्पंजातून (एका इंचात १० ते २० छिद्रं), मग मध्यम (३०), मग बारीक स्पंज किंवा पांढऱ्या फ्लॉसमधून (कापसासारख्या तंतूंच्या थरातून) आणि शेवटी बायो मीडियातून गेलं पाहिजे. फ्लॉस आधी लागला तर तो दोन दिवसांत चिखलाने बुजतो. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं, म्हणून जाड स्पंज तळाच्या टोपलीत हवा. तुमच्या मॉडेलमध्ये उलट असेल तर क्रमही उलटा. दुसरी नेहमीची चूक कापण्यातली. स्पंज टोपलीच्या बरोबर मापाचा कापला की कडेला फट राहते, आणि पाणी नेहमी सोपी वाट धरतं. स्पंज स्वच्छ पण टाकीत कण, असं दिसलं की फटीचाच संशय घ्या. प्रत्येक बाजूने अर्धा ते एक सेंटिमीटर मोठा कापून दाबून बसवा.

कोपऱ्यातल्या गाळाचं कारण वेगळं आहे. तो फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तिसरा फिल्टर आणूनही तो तिथेच राहील. जाड पिपेटने तो गाळ उडवा आणि कुठे जाऊन बसतो ते दोन-तीन मिनिटं नीट बघा. मग ताशी ३००० ते ४००० लिटरचा एक सर्क्युलेशन पंप (टाकीतलं पाणी नुसतं फिरवणारा) मागच्या काचेला, तळापासून १५ सेंटिमीटरवर असा लावा की त्याचा झोत तो कोपरा धुऊन काढेल आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे जाईल. झोत थेट वाळूवर नको. फिल्टरचं तोंड वाळूपासून साधारण ५ सेंटिमीटर वर ठेवा.

त्या तोंडावर जाड स्पंजाची टोपी बसवा. एवढ्या छोट्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. कॅनिस्टरमध्ये अडकलेली विष्ठा नजरेआड असते, पण पाणी तिच्यातूनच फिरत राहतं आणि ती कुजून अमोनिया सुटतच राहतो. कॅनिस्टर उघडायचा कंटाळा येतो म्हणून महिना जातो. टोपी आठवड्यातून दोनदा पाच मिनिटांत पिळून होते. काढताना आधी पंप बंद करा आणि पाण्याखालीच तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, नाहीतर धरलेला सगळा गाळ परत टाकीत सांडतो.

प्रश्न : माझ्या संपमध्ये (टाकीखालची दुसरी टाकी, जिथे पाणी गाळून पंपाने वर परत जातं) २०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची पिशवी आहे. तिसऱ्याच दिवशी पाणी तिच्यावरून वाहू लागतं. ४०० मायक्रॉनची घ्यावी का?

उत्तर : तिने दिवस वाढतील, पण बारीक कण सुटतील. त्यापेक्षा प्रवाह दोन सॉकमध्ये विभागा. प्रत्येकीवर निम्मं पाणी आणि निम्मा गाळ आला की त्या दुप्पट तरी टिकतात. तरीही गाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर काढणं हेच माशांच्या हिताचं, म्हणून सात-आठ सॉक जवळ ठेवा आणि सगळ्या एकदम धुवा. फेल्टची (दाबलेल्या तंतूंच्या कापडाची) सॉक बारीक कण धरते पण धुवायला अवघड. नायलॉन जाळीची नळाच्या धारेखाली साफ होते. सॉक उलटी करून धुवा. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, त्याचा अंश कल्ल्यांना घातक ठरतो. फेल्ट फारच काळवंडला तर बिनवासाच्या साध्या ब्लीचच्या पातळ द्रावणात भिजवा, भरपूर धुवा, डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यात ठेवा आणि पूर्ण वाळवा. क्लोरीनचा वास येत असेल तर वापरू नका.

फ्लीस रोलरबद्दल (गाळणीच्या कापडाचा रोल फिरवणारं यंत्र) बरेच जण विचारतात. कापड तुंबून पाण्याची पातळी वाढली की तो आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे गाळ काही तासांतच पाण्याबाहेर जातो. यंत्र खरोखर चांगलं आहे. मात्र खाणं जास्त असेल तर रोल भराभर संपतो.

प्रश्न : संपवरच्या माझ्या टाकीत अचानक बारीक बुडबुडे येऊ लागले आहेत. पंप बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. संपमधल्या स्पंजाच्या दोन्ही बाजूंची पातळी पाहा. अलीकडे पाणी चढलेलं आणि पंपाच्या कप्प्यात उतरलेलं असेल तर स्पंज तुंबलाय आणि पंप हवा ओढतोय. अलीकडची पातळी नेहमीसारखीच असेल तर पाणी फक्त बाष्पीभवनाने कमी झालंय.

प्रश्न : सगळे स्पंज आणि बायो मीडिया नळाखाली स्वच्छ धुतले. दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं. फ्लॉस बदलूनही जात नाही.

उत्तर : फ्लॉसने जाणारही नाही. हे पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू आहेत. त्यांचा आकार मायक्रॉनच्या आसपास, फ्लॉसच्या छिद्रांतून ते सहज निसटतात. नळाच्या क्लोरीनने मीडियावरचे उपयोगी जिवाणू मेले, हे मूळ दुखणं. आजच पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ तपासा. दिसले तर रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला, नवं पाणी डिक्लोरिनेट करूनच घाला. दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा, हवेचा पंप जोरात चालवा. पुढच्या वेळी बायो मीडियाला हात लावायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, एका वेळी अर्धाच हलका विसळा. जाड स्पंज मात्र बिनधास्त पिळा, तो त्यासाठीच आहे.

प्रश्न : वीज पाच-सहा तास गेली तर काय काळजी घ्यावी?

उत्तर : बंद कॅनिस्टरमधला गाळ आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. इतक्या वेळाने तो थेट सुरू करू नका. उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात विसळा, मग लावा. संप असेल तर वीज असतानाच पंप मुद्दाम बंद करून बघा, कारण पंप थांबला की टाकीतलं पाणी उलटं संपमध्ये उतरतं. सहा बाय दोन फुटांच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ११ लिटर. परतीच्या नळीचं तोंड ३ सेंटिमीटर बुडालेलं असेल तर ३३ लिटर आणि शिवाय नळ्यांमधलं पाणी खाली येणार. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. सॉक तुंबलेली असताना हीच चाचणी पुन्हा करा, कारण तेव्हा सॉकमधलं पाणी आधीच चढलेलं असतं.