ट्रिपच्या तोंडावर गाडी बंद पडली आणि घरात कुणी कुणाशी बोलेना

मी समुपदेशनाचं काम करते. सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे फोन वाढतात. ट्रिप ठरलेली असते, बॅगा अर्ध्या भरलेल्या असतात आणि ऐनवेळी काहीतरी बिघडतं, तिकीट कन्फर्म होत नाही, कुणाला ताप येतो, गाडी बंद पडते. पण फोनवरचा प्रश्न गाडीचा नसतोच, तो असतो "घरात भांडणं झालीयेत, आता जाऊच नये असं वाटतंय, काय करू?" असा. त्यातलीच एक केस सांगते, त्या कुटुंबाची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पुण्यात सिंहगड रोडला राहणारं कुटुंब. नवरा भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात, बायको शाळेत शिकवते, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत आणि सोबत सासूबाई. ह्या माणसाने सुट्टीच्या दिवशी वेळ काढून काढून स्वतःच्या हाताने एक कॅम्पर ट्रेलर बनवला होता, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची छोटी खोलीच, आत झोपायला बंक, स्वयंपाकाला कट्टा, पाण्याची टाकी, आरटीओचं रजिस्ट्रेशनसुद्धा रीतसर करून घेतलेलं. 2021 मध्ये राज्य सरकारने कारवाँ पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात घोळत होतं. आता डिसेंबरच्या सुट्टीत ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचं, तिथे एका ओळखीच्यांच्या वाडीत ट्रेलर उभा करायचा आणि साताऱ्याहून धाकटा भाऊ बायकोमुलांना घेऊन येणार असं सगळं ठरलं होतं. गुरुवारी पहाटे निघायचं.

मंगळवारी संध्याकाळी सगळं सामान भरून, ट्रेलर जोडून हा ट्रायल घ्यायला जुन्या कात्रज घाटाकडे गेला. चढाला लागल्यावर रेस वाढतीये पण गाडी उचलत नाहीये, मग जळका वास यायला लागला आणि गाडी जागच्या जागी थांबली. गाडी टोचन करून गॅरेजला नेली, ट्रेलर दुसऱ्याची जीप बोलावून सोसायटीत आणला, ह्यात रात्रीचे दहा वाजले. मेकॅनिकने सांगितलं की क्लच, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे जोडणारा भाग, गेलाय, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळंच बदलायला लागेल, त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यायचा, ज्या चाकाला प्लेट घासते त्या फ्लायव्हीलचं काय ते उघडल्यावर कळेल, पार्ट सकाळी नाना पेठेतून मागवतो पण गुरुवार पहाटेचा शब्द देत नाही.

ओढणारी गाडीच बसली की नुकसान नुसतं गाडीचं राहत नाही, झोपायची जागा, स्वयंपाक, सामान सगळं मागच्या ट्रेलरमध्ये अडकून पडतं. एरवी माणूस दुसऱ्या कुणाची तरी गाडी मागून घेतो, भाड्याने घेतो, पण ट्रेलर ओढायला मागे हुक लागतो, तेवढी ताकद लागते, आणि भाड्याची गाडी देणारे कुणी ट्रेलर जोडू देत नाहीत.

मग घरात जे व्हायचं ते झालं. भाऊ फोनवर म्हणाला, "तरी मी सांगत होतो हॉटेल बुक कर, तुला तुझी कारागिरी दाखवायची हौस." बायको म्हणाली, "महिनाभर ओरडतीये की गाडी सर्व्हिसिंगला टाक, तू नेहमीच असं करतोस." सासूबाई म्हणाल्या की माझं आधीपासूनच मन नव्हतं. मुलगी रडायला लागली आणि हा कुणाला काही न बोलता खाली पार्किंगमध्ये ट्रेलरमध्ये जाऊन बसला, जेवायलासुद्धा वर आला नाही. तेव्हा बायकोने मला मेसेज केला.

मी तिला त्या रात्री एवढंच सांगितलं की ताट घेऊन खाली जा, शेजारी बस, गाडीचा विषय काढू नको आणि "असू दे, होतं असं" हेही म्हणू नको. अशा वेळी समजूत घालायची आपल्याला फार घाई असते. ज्याने वर्षभर त्या वस्तूवर हात झिजवलेत त्याला ते "असू दे" फार लागतं, कारण त्यात त्याच्या मेहनतीला काही किंमतच नाही असं त्याला ऐकू येतं.

बुधवारी सकाळी दोघं आले. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, सगळ्यांची सुट्टी मी घालवली, मला एक गोष्ट धड जमत नाही." मी त्याला विचारलं, गॅरेजवाल्याने जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, काय लिहिलंय? त्याने खिशातून कागद काढला, घामाने मऊ झालेला, त्यावर लिहिलेलं "क्लच स्लिप, लोडवर पुलिंग नाही." मी म्हटलं, ह्यात कुठे मालक बेजबाबदार आहे असं लिहिलंय का? तो कागदाकडे बघत राहिला.

मग मी दोघांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, काल रात्री घरात जे झालं त्याचं असंच जॉब कार्ड करा. तक्रार काय, कारण काय सापडलं, काय दुरुस्त होण्यासारखं आहे, किती वेळ लागेल. माणसाबद्दलचा शेरा एकही नको.

त्याने लिहिलं: गाडी सेकंड हँड घेतल्यापासून प्लेट बदललेली नाही, ट्रेलरमध्ये सामान जास्त भरलं, चढावर गाडी हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) धरून ठेवली, लोड लावायच्या आधी गाडी तपासून घेतली नाही. हे शेवटचं लिहिताना त्याचा हात थांबला. ते मी खोडू दिलं नाही आणि त्यावर पांघरूणही घातलं नाही, कारण ते खरंच त्याच्याकडून राहिलं होतं. पण "तपासणी राहिली" आणि "मला काहीच जमत नाही" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर काम करता येतं, दुसऱ्यावर माणूस फक्त अंधारात बसून राहतो.

ज्यांना हे कुठून आलं असं वाटेल त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी जी रुजवली, तिचा गाभाच हा आहे. घटना घडते, त्यावर आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि त्रास होतो तो बराचसा त्या म्हणण्याचा. क्लच जाणं ही घटना. त्यावर "असं व्हायलाच नको होतं, झालं म्हणजे मी नालायक" हे आपलं म्हणणं. वाईट वाटणं एलिसना चुकीचं वाटत नव्हतं, उलट वाईट वाटणं, चिडचिड होणं साहजिकच. प्रश्न येतो तो स्वतःवर किंवा समोरच्यावर कायमचा शिक्का मारला की.

बायकोचा कागद आधी कोराच होता. मग तिने "तू नेहमीच असं करतोस" ह्याच्या जागी लिहिलं, "सर्व्हिसिंगचं मी सांगितलं होतं ते राहिलं, मला राग आलाय, आणि सासूबाई, दीर, मुलं सगळ्यांना तोंड मलाच द्यावं लागतंय." हे शेवटचं त्याला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "भावाला फोन मी करतो." नुसत्या एवढ्या वाक्याने तिचे खांदे खाली आले, मी समोर बसून बघत होते.

आता ट्रिपचं काय करायचं. त्याच्या एका मित्राने हुक लावलेली छोटी गाडी देऊ केली होती आणि ह्याचा जीव तिकडे ओढत होता. इथे मी स्पष्ट बोलले, कारण निराशेच्या भरात माणूस "काही झालं तरी जायचंच" ह्या हट्टाला पेटतो आणि तोच धोका असतो. किती वजन ओढायचं ते प्रत्येक गाडीचं ठरलेलं असतं, हलक्या गाडीला जड ट्रेलर लावला की ताम्हिणीच्या उतारावर तो मागून ढकलतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ते त्यालाही माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त त्या क्षणी ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, मेकॅनिकला फोन लावा, पण "गाडी कधी देणार" विचारू नका, "मिळाली तर लगेच ट्रेलर लावून घाट उतरू शकतो का" हे विचारा. त्याने स्पीकरवर लावला. पलीकडून उत्तर आलं, "नाही साहेब, नवीन प्लेट आधी नीट बसू द्या, पहिले काही शे किलोमीटर लोड नका टाकू, नुसती फॅमिली घेऊन आरामात जा."

म्हणजे गाडी गुरुवारी पहाटे मिळाली असती तरी ट्रेलर जाणार नव्हता. तो बराच वेळ गप्प बसला, डोळे भरून आले, आणि मी त्याला बसू दिलं. मला वाटतं ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, पण लोक नेमकं इथेच लगेच प्लॅन बी वर उडी मारतात. ज्या गोष्टीची वर्षभर वाट पाहिली ती ह्या वेळी होणार नाही हे आधी नीट उतरू द्यावं लागतं, नाहीतर प्लॅन बी मध्ये माणूस शरीराने जातो आणि चार दिवस तोंड पाडून फिरतो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मग ट्रेलर नाही. गाडी झाली की आपण जाऊ."

मुलांचं विचारलंत तर मुलांना खरं सांगा आणि लवकर सांगा. "बघू, होईल" असं लोंबकळत ठेवू नका. मुलीला खिडकीजवळचा बंक मिळणार होता, तो गेला म्हणून ती रडत होती. आई म्हणत होती रडू नको, आपण पुढच्या वेळी जाऊ. मी म्हटलं रडू द्या तिला, बंकबद्दलच बोला तिच्याशी, कुठली चादर घालणार होतीस, काय काय ठेवणार होतीस. ती दोन दिवस फुगून होती आणि ते अगदी चालतं.

मुलाला वडील गॅरेजला घेऊन गेले. मेकॅनिकने जुनी प्लेट हातात दिली, लायनिंग झिजून पार रिव्हेटपर्यंत आलेलं, फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग. वडिलांनी त्याला क्लच कसा चालतो ते जमिनीवर खडूने काढून दाखवलं. मुलगा म्हणाला, "मग बाबा तुम्ही आधी का नाही बघितलं?" आणि तो म्हणाला, "बघायला पाहिजे होतं, राहिलं." ना चिडला, ना कारणं दिली. हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण चुकल्यावर माणूस कसा बोलतो हे त्या आठवीतल्या मुलाने पाहिलं.

शुक्रवारी गाडी मिळाली, शनिवारी ते निघाले, दिवेआगरला खोल्या फुल होत्या म्हणून हरिहरेश्वरला घरगुती राहण्याची सोय पाहिली. सासूबाईंना पलंग मिळाला, त्या खूश.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. रात्रभर गप्प बसणं, एक वेळ न जेवणं हे समजू शकतं. पण वस्तू फोडणं, हात उगारणं, सलग दारू, किंवा "मी नसलेलोच बरा" असलं काही बोलणं, हे ट्रिपचं दुःख नाही, त्याला लगेच मदत घ्या. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

साताऱ्याच्या भावाची रजा संपली म्हणून ते काही आले नाहीत. ह्याने त्याला स्वतः फोन केला, सगळं सरळ सांगितलं, भाऊ नुसतं "बरं" म्हणाला आणि ठेवून दिला. "कारागिरी दाखवायची हौस" हे वाक्य ह्याला अजून टोचतंय आणि त्याच्या मागे वडिलांच्या काळापासूनचं काही आहे असं दिसतंय, सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.