कुलूप लावलेला दगडी वाडा दहा-बारा वर्षांत पडतो कसा?

तुम्ही विचारलंय की आजोळचा वाडा पिढ्यान् पिढ्या उभा होता, मामा शहरात गेल्यावर कुलूप लागलं आणि बारा वर्षांत त्याचा ढिगारा झाला. कुणी पाडला नाही, मग पडला कसा? लातूर जिल्ह्यातला आमचा वाडा असाच गेला. तो जाताना मी पाहिलाय, म्हणून सांगतो.

वाडा वरून मरतो. आपल्याकडं छत म्हणजे माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडव्या बारीक लाकडी वाशा, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या पातळ फळ्या, मग पाल्याचा थर आणि सगळ्यात वर चोपलेली पांढरी माती. ही माती पाणी मुरू देत नाही, पण दर पावसात थोडी थोडी धुऊन जाते. त्यामुळं मृगाच्या आधी दरवर्षी नवी माती टाकावीच लागते. आमच्याकडं वैशाखात पाट्या वर चढायच्या आणि आजी अंगणातून ओरडायची, "पन्हाळीचं तोंड मोकळं करा रे आधी!" पावसात रात्री कुठं गळायला लागलं की आजोबा कंदील घेऊन वर जायचे आणि ती जागा पायानं दाबून यायचे. चुलीच्या धुरानं किलच्या काळ्याकुट्ट झालेल्या. त्या लाकडाला वाळवी शिवत नसे.

कुलूप लागलं आणि हे सगळं एकदमच थांबलं. पहिल्याच पावसाळ्यात सवण्याच्या, म्हणजे छतातल्या उजेड-धुराच्या झरोक्याच्या, कडेनं गवत उगवलं. गवताची मुळं जिथून खाली गेली तिथूनच पाणी उतरलं. पन्हाळी पाचोळ्यानं बुजली आणि माळवदावर तळं साचायला लागलं. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा माजघरातली तुळई मधोमध ठणठणीत होती, अस्सल साग. पण जिथं ती भिंतीत शिरते तिथं अंगठा दाबला तर नख पूर्ण आत गेलं. बोटाला चहाच्या चोथ्यासारखा भुगा लागला. तेव्हाच टेकू दिला असता तर वाडा वाचला असता, हे मला आजही लागतं.

पुढचं भराभर झालं. दगडी भिंत दिसते भक्कम, पण दोन बाजूंच्या दगडांमध्ये नुसता मातीचा भराव असतो. पाणी त्यात गेलं, भिंतीनं पोट काढलं आणि एका श्रावणात माजघर बसलं. भिंतीतलं बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी, उघडं पडलं. त्याच्या तळाशी अजून ज्वारीचा कोंडा होता.

टेकू का दिला नाही? नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, मालक म्हणून सतरा नावं. एकानं खर्च करायचा तर बाकीच्यांना वाटणार, हा वाडा गिळतोय. वाडा पोसणारी मिळकत तर आधीच आटली होती. १९६३ पासून वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानंच संपली. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेतच गेली, बरीचशी अशाच दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. वर्षानुवर्षं मातीवर माती चढल्यानं छताचं ओझं किती झालंय, याचा विचार कुणी केलाच नव्हता. त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली झोपायला माणसं घाबरू लागली. ती भीती खरी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पत्र्याची घरं आली आणि माती चोपणारे हातही गेले.

शेवटी एका चुलतभावानं नक्षीची चौकट विकली. दार गेल्यावर वाडा सगळ्यांचा झाला. दगड कुणाच्या घराच्या पायात गेले, माती कुणाच्या शेतात. आज जोतं आणि तुळशीवृंदावन तेवढं शिल्लक आहे.

तुम्ही लिहिलंय की देवघराचा सोपा, म्हणजे ओसरीचा भाग, अजून उभा आहे. मग मामांना घेऊन मृगाच्या आत जाऊन या. आधी सोप्यावर पत्रे टाका, पन्हाळी मोकळी करा, तुळयांची टोकं दाबून बघा आणि जिथं भुगा लागेल तिथं टेकू द्या. पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, दगड सुटतात. बुंध्याशी कापा आणि फुटेल तसा कापत राहा. खर्चाला हात घालण्याआधी सगळ्या वारसांच्या सह्या एका कागदावर घ्या. आम्ही नेमकं हेच केलं नाही.