तुमच्याकडे नीट दिसणारा फॉर्म क्लायंटकडे का विस्कटतो?

घाबरू नका, विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) या खड्ड्यात प्रत्येक जण एकदा पडतोच. दोष बहुधा डिस्प्ले स्केलिंगचा, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती टक्के मोठं दाखवायचं या विंडोजच्या सेटिंगचा असतो. तुमचा मॉनिटर १०० टक्क्यांवर, म्हणजे ९६ डीपीआयवर (इंचामागे ९६ ठिपके); क्लायंटचा लॅपटॉप १२५ किंवा १५० टक्क्यांवर. मग अक्षरं फुगतात आणि पिक्सेल मोजून ठेवलेली बटणं एकमेकांवर चढतात.

सुरुवातीला एवढंच करा:

- सगळे फॉर्म १०० टक्क्यांवरच डिझाइन करा. टीममधला एखादा १२५ वर सेव्ह करतो आणि डिझायनर फाइलमधले (जिथे फॉर्मची मांडणी साठवली जाते) आकडे गुपचूप बदलतात.
- ऑटोस्केलमोड (फॉर्म कशाच्या प्रमाणात लहान-मोठा करायचा ते ठरवणारी प्रॉपर्टी) सगळीकडे एकच ठेवा, यूजर कंट्रोलवरसुद्धा, म्हणजे बटणं-लेबलं जोडून तुम्ही स्वतः बनवलेल्या तुकड्यांवर.
- जागा अँकर (कडांपासूनचं अंतर कायम ठेवतो), डॉक (एका कडेला चिकटवतो) आणि टेबललेआउटपॅनलने (ओळी-रकान्यांची चौकट) ठरवा. टेबललेआउटपॅनल पहिले दोन दिवस डोकं खातं, सोडू नका.

लेबलं मराठीत असतील तर ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे लेबलाचा आकार आपोआप ठरवणारी प्रॉपर्टी) चालू ठेवाच. ठरावीक उंचीच्या लेबलांत माझे उकार आणि रफार कित्येकदा छाटले गेलेत.

रिझोल्यूशन बघून कंट्रोलचे (बटणं, लेबलं वगैरेंचे) आकार गुणत बसणारा कोड मात्र कुठून उचलून आणू नका. मी आणला होता, काढताना नाकी नऊ आले. दोन मॉनिटरवर वेगवेगळं स्केलिंग, हे प्रकरण आत्ता बाजूला ठेवा. आधी स्वतःच्या मशीनवर १५० टक्के लावा, साइन आउट करून परत या आणि फॉर्म उघडून बघा.