दोन कॅमेरे असू द्यात, एका कामाला दोन लेन्स नकोत

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांपासून निकॉन डी ७५० आहे. सोबत ५० मिमी एफ १.८, जुनी १०५ मिमी एफ २.८ डी मायक्रो (अगदी जवळून फोटो काढायची, म्हणजे मॅक्रो लेन्स) आणि ७०-३०० झूम. दोन वर्षांपूर्वी खांदा दुखायला लागला आणि पक्ष्यांमागे फिरणं जवळजवळ सुटलं, म्हणून ऑलिंपस ई-एम५ मार्क थ्री घेतला. त्यावर १२-४० एफ २.८ आणि ७५-३००. आता पहाटे बाहेर पडताना मी ऑलिंपसच उचलतो. घरात नातीचे फोटो मात्र निकॉनवर काढतो. मित्र म्हणतात, दोन डगरींवर पाय नको, एक विकून टाक. हौशी माणसाने दोन सिस्टीम सांभाळाव्यात का?

उत्तर : निकॉन विकू नका. पण सगळं आहे तसंही ठेवू नका.

पक्ष्यांचा प्रश्न तुमचा सुटलेलाच आहे. तुमची ऑलिंपसची बॉडी बॅटरी-कार्डासह ४१४ ग्रॅम, ७५-३०० साधारण ४२३ ग्रॅम. म्हणजे हा अख्खा संच नुसत्या डी ७५० च्या बॉडीएवढाच भरतो. शिवाय फुल फ्रेमवर, म्हणजे तुमच्या निकॉनच्या मोठ्या सेन्सरवर, ६०० मिमी लावली तर जेवढं दिसेल, तेवढंच दृश्य त्यात मिळतं. मग निकॉनची ७०-३०० कशासाठी? ती विकून टाका. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते.

नातीच्या फोटोंचं गणित उलटं आहे. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरच्या जवळजवळ चौपट, त्यामुळे एकाच अपर्चरला साधारण दोन स्टॉपचा, म्हणजे जवळपास चौपट प्रकाशाचा, फायदा मिळतो. संध्याकाळी घरातल्या दिव्यात खेळणारं मूल टिपायचं तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास तरी हवं. ऑलिंपसचं स्टॅबिलायझेशन उत्तम आहे, पण ते आपल्या हाताचा कंप आवरतं. मुलाच्या हालचालीवर त्याचा इलाज नाही. ही उणीव भरून काढायला ऑलिंपससाठी एफ १.२ ची लेन्स घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. ते काम तुमची ५० मिमी करते आहे. दोन सिस्टीमचा खर्च हाताबाहेर जातो तो इथेच, एका कामाची लेन्स दोन्हीकडे घेतल्याने.

१०५ मात्र दोन्हीकडे चालेल. तिला अपर्चर रिंग आहे, त्यामुळे साध्या अडॅप्टरने ती ऑलिंपसवर बसते. निकॉनमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, ऑलिंपसमध्ये १९.२५, मधल्या जागेत अडॅप्टर मावतो. (ऑलिंपसची लेन्स निकॉनवर लावता येत नाही, ती याच कारणाने.) फोकस हाताने करावा लागतो, पण मॅक्रोत आपण तसाही हातानेच करतो. मी अशीच जोडी एका उड्या मारणाऱ्या कोळ्यावर वापरली होती. वन टू वनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तिथे, निकॉनच्या ३६ मिमीऐवजी १७.३ मिमी रुंदीचीच चौकट भरायची असते. पुढचे दोन मोठे डोळे स्क्रीनवर आले आणि त्यात खिडकीचे गज उमटलेले दिसले. तो फोटो मी अजून अधूनमधून उघडून बघते.

दोन सिस्टीमचा खरा जाच होतो तो हाताच्या सवयीला. मी काही वर्षं कॅनन आणि निकॉन एकत्र वापरत होते. दोघांच्या झूम रिंगा उलट दिशांना फिरतात. एकदा समोरच्या फांदीवर खंड्या मासा घेऊन बसला होता. मी झूम करायला रिंग फिरवली ती दुसऱ्या कॅमेऱ्याच्या सवयीने. पक्षी जवळ यायचा तो लांब गेला, आणि चूक सुधारेपर्यंत फांदी रिकामी. अजूनही हळहळ वाटते.

तुम्हालाही हे जाणवेल. निकॉनची लेन्स बसवताना जिकडे फिरवता, त्याच्या उलट ऑलिंपसची फिरवावी लागते. ते बदलता येत नाही. पण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ-गडद करायची) डायल कुठल्या बाजूला फिरवली की प्लस, हे डी ७५० च्या मेनूत उलटवता येतं. दोन्हीकडे एकच दिशा ठेवा. दोन्ही घड्याळंही आजच जुळवा, नाहीतर एकाच दिवसाचे फोटो संगणकावर वेळेनुसार लावताना सगळी सरमिसळ होते.

पुढे निकॉनचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावासा वाटला तर १०५ चा विचार आधी करा. जुन्या लेन्स त्यावर बसवायच्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे तिथे तिचा ऑटोफोकस चालणार नाही. डी ७५० च्या बॉडीत ती मोटर आहे.