पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत, मजकुरात एखादा शब्द कितव्या जागी आहे हे शोधायला फाइंड वापरावं की इंडेक्स?

इंडेक्स. फाइंडला शब्द सापडला नाही तर ते -१ देतं आणि गप्प बसतं. इंडेक्स व्हॅल्यूएरर नावाची एरर देऊन तिथेच थांबतं. पायथॉनमध्ये -१ म्हणजे शेवटचं अक्षर, म्हणून तो आकडा तपासल्याशिवाय पुढे वापरला तर प्रोग्रॅम चालत राहतो आणि उत्तर चुकीचं येतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

नाशिकला नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एका आडतदाराच्या हिशोबाचं काम होतं. ऐन टोमॅटोचा सीझन. ओळीत आधी शेतकऱ्याचं नाव, मग गाव. कोड असा, की 'गिरणाऱ्याचे' हा शब्द कुठे आहे ते फाइंडने शोधायचं आणि त्याच्या आधीचं सगळं नाव म्हणून घ्यायचं. मी इंडेक्स लिहिलं होतं. आमच्या सीनियरनी ते बदलून फाइंड केलं. म्हणाले, "एरर आली की गिऱ्हाईक फोन करतं. प्रोग्रॅम बंद पडता कामा नये." मी वाद घातला, पण नवीन माणसाचं कोण ऐकतं.

गिरणारे माझं गाव. आठवड्याभराने गावातले एक काका गाळ्यावरून थेट माझ्याकडे आले. ५,००० रुपयांची उचल पट्टीतून, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीतून, कापून घेतली होती, तरी खात्यावर बाकी दिसत होती, आणि चारचौघांत त्यांना "पैसे कधी देता?" असं विचारलं होतं. पट्टी त्यांनी घडी करून खिशात ठेवली होती. ती उलगडली तर नावाच्या जागी नाव, त्यापुढे 'गिरणाऱ्याच'. शेवटची मात्रा गायब. शब्द सापडला नव्हता, -१ आला होता, आणि प्रोग्रॅमने शेवटचं कॅरॅक्टर सोडून अख्खी ओळ नाव म्हणून घेतली होती. त्या नावाने नवं खातं उघडलं, कापलेली उचल तिकडे जमा झाली. जुनं खातं होतं तसंच.

पण शब्द तर डोळ्यांना दिसत होता, मग सापडला का नाही? मराठीत काम करणाऱ्याने हे पाठच करावं. दोन्ही शब्द सुटे करून मोजले तर कोडमधला ११ कॅरॅक्टरचा भरला, फाइलमधला १२. कोडमध्ये ऱ, हलन्त, य असं होतं. फाइलमध्ये साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. स्क्रीनवर दोन्ही 'ऱ्य'च. तिसराही प्रकार असतो, र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. तो युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करायच्या ठरलेल्या रीतीने, ऱ होतो, जॉइनरवाला होत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. सरसकट जॉइनर मात्र काढून टाकू नका, 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे ते 'आचार्यांना' जातील.

जागा ० पासून मोजली जाते हे माहीत असेलच. मात्रा आणि वेलांटीही वेगळ्या मोजल्या जातात: 'नाशिक'मध्ये 'शिक' २ वर सापडतं, १ वर नाही.

सीनियरचं म्हणणं होतं की दोष डेटाचा, फाइंडचा नाही. डेटा खराब होता हे मान्यच. पण इंडेक्स असतं तर तशा पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम थांबला असता, आम्हाला फोन आला असता, आणि काकांना गाळ्यावर मान खाली घालावी लागली नसती. फोन कुणाला यावा, ऑफिसला की शेतकऱ्याला, हाच खरा वाद होता. माझं मत आजही तेच आहे.

आता एक राहिलं. शब्द नसणं हीच नेहमीची गोष्ट असेल, म्हणजे सर्चबॉक्स वगैरे, तर फाइंड चालेल, फक्त -१ आहे का ते लगेच तपासा. 'इफ'मध्ये नुसतं फाइंड लिहू नका: -१ खरं धरलं जातं आणि ओळीच्या सुरुवातीलाच सापडलेला शब्द, म्हणजे ०, खोटा. जागा नकोच असेल, नुसतं आहे की नाही पाहायचं असेल, तर 'इन' पुरे. आणि सगळे ऱ एकसारखे करून घेतल्यावर मिळालेली जागा मूळ ओळीला लावू नका, लांबी बदललेली असते. कापायचं ते एकसारख्या केलेल्या ओळीतूनच कापा.